दहा मुलांचा वर्ग

भाषिक अल्पसंख्याकांच्या शिक्षणाविषयी आपल्या देशात एक जुना आकडा रूढ आहे : दहा आणि चाळीस. ऑगस्ट १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांची परिषद भरली होती. ज्या मुलांची मातृभाषा राज्याच्या भाषेहून वेगळी आहे अशी मुले एका वर्गात किमान दहा किंवा सबंध शाळेत किमान चाळीस असतील, तर त्यांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्यासाठी निदान एक शिक्षक नेमावा, असे त्या परिषदेत ठरले आणि केंद्र शासनाने ते मान्य केले. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ‘३५०क’ हा अनुच्छेद संविधानात आला. भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करून देण्यासाठी प्रत्येक राज्याने झटावे, असे तो सांगतो. सीमाभागातील वाचकांना हे नव्याने सांगण्याचे कारण नाही. दहा मुलांची नावे गोळा करून अर्जाला जोडणे म्हणजे काय, हे तेथील पालकांच्या दोन पिढ्यांनी अनुभवले आहे.

या आकड्यात एक गृहीतक दडलेले आहे. मूल, शिक्षक आणि पुस्तक ही तिन्ही एकाच छपराखाली असल्याखेरीज शिक्षण होत नाही, हे ते गृहीतक. १९४९ साली त्यात काहीच वावगे नव्हते. आज मात्र तंत्रज्ञानाने नेमके तेच मोडीत काढले आहे. शाळेतील आणि कामाच्या ठिकाणचे शिकणे तंत्रज्ञानामुळे कसे बदलते आहे याची चर्चा सर्वत्र चालते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसाच्या दृष्टीने त्या चर्चेतला कळीचा प्रश्न हा, की विखुरलेली दहा मुले आता ‘एक वर्ग’ मानायची की नाही.

ग्वाल्हेरहून दिसणारे चित्र

मी ग्वाल्हेरला वकिली करतो. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस छावणी टाकली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. दरबारचे सरदार, कारकून, पुरोहित, गवई, वैद्य असा मोठा मराठी समाज तेथे वसला. राजकवी भा. रा. तांबे यांची अखेरची वर्षे याच शहरात गेली. १९६१ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे भरले आणि कुसुमावती देशपांडे त्याच्या अध्यक्षा झाल्या. त्या पदाचा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री. इतके सांगितले म्हणजे या गावी मराठी उपरी नाही हे ध्यानात येईल.

परंतु १९४८ मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९५६ मध्ये मध्य प्रदेश घडला आणि मराठीला दरबारचा जो आधार होता तो संपला. २०११ च्या जनगणनेनुसार मध्य प्रदेशात मराठी ही मातृभाषा सांगणारे सुमारे बारा लाख लोक आहेत. संख्या लहान नाही. पण ती बऱ्हाणपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाट, इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर अशी पसरलेली आहे. सीमाभागात मराठी माणूस सलग वस्तीने राहतो आणि तरी त्याला शाळेसाठी झगडावे लागते. आमच्याकडे झगडा करायलाही एका जागी माणसे नाहीत. एका शाळेच्या एका वर्गात दहा मराठी मुले सापडणे दुर्मीळ.

परिणामी आमच्या घरांतून बोली टिकली आणि लेखन गेले. नातवंडे आजीशी मराठीत बोलतात. त्या मराठीत ‘मला तिथे मन लागत नाही’ आणि ‘आज फार गर्मी आहे’ अशी हिंदीची सरमिसळ असते, आणि ती आमचीच आहे. तिची लाज वाटून घेण्याचे कारण नाही. मात्र त्याच आजीला फोनवर संदेश पाठवायचा झाला, की ती मुले रोमन अक्षरांकडे वळतात किंवा सरळ हिंदीत लिहितात. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते. तरीही मराठी ऱ्हस्वदीर्घ, ‘ळ’, ‘च’ चे दोन उच्चार, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला भेद ही सारी अनोळखी भूमी असते. फोनची भाषा हिंदी ठेवून मराठीत बोलले, तर यंत्र ते हिंदीच समजून लिहू लागते. लिपी एक असल्यामुळे आमचे वेगळेपण यंत्राच्या नजरेतून सुटते. सीमाभागात कन्नड लिपीमुळे निदान फरक दिसतो तरी. आमच्याकडे तो दिसतच नाही.

विद्या आणि साधन : ग्वाल्हेरचे दोन धडे

नवे साधन आले की शिकणे बदलते, हे ग्वाल्हेरने पूर्वीही पाहिले आहे. त्यातला पहिला धडा संगीताचा.

बडे महंमद खाँ यांची तान आत्मसात करण्यासाठी हस्सू खाँ आणि हद्दू खाँ यांना पडद्याआड बसवून ती ऐकविली गेली, अशी कथा येथे आजही सांगतात. खरी असो वा रचलेली, त्या काळी विद्या किती राखून ठेवलेली होती हे ती कथा दाखवते. गायनविद्या मिळवायची तर गुरूच्या दारी यावे लागे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) असेच ग्वाल्हेरला आले, हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे शिकले आणि ती गायकी त्यांनी कृष्णाकाठी नेली. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत त्यांच्यापाशी शिकले. सीमाभागाच्या उंबरठ्यावरची ही गावे आणि ग्वाल्हेर यांचे नाते असे एका विद्येने बांधलेले आहे.

मग स्वरलिपी आणि छापील पुस्तक आले. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे कायद्याचे पदवीधर. काही काळ त्यांनी वकिलीही केली. वकील जसे विखुरलेले दाखले गोळा करून, तपासून, क्रमाने मांडतो तसे त्यांनी घराण्याघराण्यांतील चिजांचे केले. कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ मध्ये ग्वाल्हेरला वडिलांच्या नावाने शंकर गांधर्व महाविद्यालय काढले. माधवराव शिंद्यांनी भातखंडे यांच्या पद्धतीवर १९१८ मध्ये माधव संगीत विद्यालय सुरू केले. त्यासाठी दरबारच्या काही गवयांना आधी मुंबईस पाठवून स्वरलेखन शिकविण्यात आले. राजाभैया पूछवाले त्यांतलेच, आणि पुढे त्याच विद्यालयाचे ते प्राचार्य झाले.

या घटनेतील क्रम महत्त्वाचा आहे. पुस्तक आले म्हणून गुरू निरुपयोगी ठरला नाही. गुरूला आधी नवे साधन शिकविले गेले, त्यानंतर वर्ग, वेळापत्रक आणि परीक्षा आली. पूर्वी जे एखाद्या भाग्यवंताला मिळे ते आता सामान्य घरातल्या मुलाला मिळू लागले. आणखी एक गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. भातखंडे यांनी आपली ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ आणि ‘क्रमिक पुस्तक मालिका’ मराठीत लिहिली. उत्तर हिंदुस्थानच्या संगीतशास्त्राचा हा आधुनिक पाया मराठीत घातला गेला आणि हिंदीभाषकांना त्याचे भाषांतर करून घ्यावे लागले. ज्या भाषेत ज्ञान प्रथम उतरते, त्या भाषेकडे जगाला यावे लागते. आज ग्वाल्हेरचे विद्यार्थी ती पुस्तके हिंदीतून वाचतात. आणि त्यांतल्या मराठी घरच्या मुलांपैकी बहुतेकांना मूळ ग्रंथ आपल्याच भाषेतला आहे हे ठाऊकही नसते.

दुसरा धडा मोडीचा, आणि तो उलट आहे. शिंदेशाहीचा सारा कारभार मोडीत चाले. आनंदराव भाऊ फाळके यांनी ‘शिंदेशाही इतिहासाची साधने’ ग्वाल्हेरहून प्रकाशित केली ती याच कागदांच्या आधारे. हात न उचलता झरझर लिहिता यावे यासाठीच ही लिपी वळली होती. बोरू आणि दौत यांच्या जगात ती सर्वांत सोयीची. खिळ्यांच्या जगात सर्वांत गैरसोयीची. विल्यम कॅरीने श्रीरामपूरला १८०५ मध्ये छापलेले मराठी व्याकरण देवनागरीत होते. १८१० च्या त्याच्या कोशासाठी मोडीचे खिळे पाडले गेले खरे, पण छपाईचा ओघ बाळबोधीकडेच वाहिला. पुढे टंकलेखन यंत्रानेही तीच वाट धरली. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी शाळेतून आणि कचेरीतून बाहेर पडली. तिच्याविरुद्ध कोणी कट केला नव्हता. नव्या यंत्रात तिच्यासाठी जागा केली गेली नाही, एवढेच घडले.

त्याची किंमत आम्ही न्यायालयात मोजतो. वाटणीच्या किंवा देवस्थानच्या जुन्या दाव्यात एखादा मोडी दस्तऐवज पुढे येतो आणि दोन्ही पक्षांत तो वाचणारा कोणी नसतो. ज्याच्या पणजोबाची सही त्यावर असते त्यालाच ती ओळखता येत नाही. मग मोडी वाचणाऱ्या एखाद्या वृद्ध गृहस्थाचा शोध सुरू होतो, आणि दरवर्षी असे गृहस्थ कमी होत जातात. ताम्रपट, सनद, कबुला, इनामपत्र हे शब्द नव्या वकिलाला शब्दकोशात सापडतील. पण त्या कागदातील वळणे त्याला कोशातून वाचता येणार नाहीत.

आता पुन्हा यंत्रच या लिपीकडे वळले आहे. जून २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत मोडीला स्वतंत्र स्थान मिळाले. २०२५ मध्ये रुरकीच्या आयआयटीतील संशोधकांनी मोडी कागदांच्या दोन हजारांहून अधिक प्रतिमा त्यांच्या देवनागरी लिप्यंतरासह एकत्र केल्या आणि मोडीचे देवनागरीकरण करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रणाली मांडली. या बातमीने आनंद झाला. पण त्या प्रतिमांशेजारी देवनागरी पाठ कोणी लिहिला? मोडी जाणणाऱ्या माणसांनीच. यंत्राला धडा मिळतो तो जाणत्याच्या हातून. जाणता गेल्यावर यंत्राचीही शाळा बंद पडते.

कचेरीतले शिकणे

कामाच्या ठिकाणचे शिक्षण हे आमच्या व्यवसायात पूर्वी ज्येष्ठाच्या कार्यालयात होई. नवा वकील निकालांचे जाड खंड चाळत बसे. एक निकाल शोधताना वाटेत चार वाचले जात, आणि त्या चारांतूनच कायदा अंगात भिनत असे. आता शोधशब्द टाकला की नेमका परिच्छेद समोर येतो. यात वेळ वाचतो, दूरच्या तालुक्यातील वकिलालाही दिल्लीच्या वकिलाइतकेच ग्रंथालय मिळते, हा लाभ फार मोठा आहे. २०२३ पासून सर्वोच्च न्यायालयाचे निकाल सर्वांना विनामूल्य पाहता येऊ लागले, हेही मोठे पाऊल. परंतु परिच्छेद हाती येतो तेव्हा त्याच्या आधीची वस्तुस्थिती आणि नंतरचा अपवाद हाती येत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली एका खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांना पाच हजार डॉलरांचा दंड झाला. केरळच्या उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचे धोरण घालून दिले, ते अशाच धोक्यांची जाणीव ठेवून.

भाषांतराच्या बाबतीत हा धोका आपल्या दारात आहे. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘सुवास’ ही भाषांतर प्रणाली आणली आणि निकाल भारतीय भाषांत येऊ लागले. त्यांत मराठीही आहे. ही गोष्ट स्वागतार्हच. पण यंत्राने ‘लीव्ह ग्रँटेड’ या शब्दांचे भाषांतर ‘रजा मंजूर’ अशा अर्थाने केल्याचे उदाहरण न्यायाधीशांनीच जाहीरपणे सांगितले आहे. अपील दाखल करून घेण्याची परवानगी ही कोणाची सुट्टी नव्हे, हे यंत्राला कळले नाही. वाचणाऱ्या माणसाला कळले.

मराठी आणि हिंदी यांच्या बाबतीत ही चूक अधिक फसवी होते, कारण शब्द तोच राहतो. हिंदीतील ‘शिक्षा’ म्हणजे आपले शिक्षण. मराठीतील शिक्षा म्हणजे दंड. येथील न्यायालयांत ‘राजीनामा’ झाला म्हणजे पक्षकारांत तडजोड झाली. मराठी माणसाला वाटेल, कोणीतरी पद सोडले. हिंदीत ‘आपत्ति’ नोंदविली म्हणजे आपण ज्याला हरकत म्हणतो ती घेतली. आणि हिंदीतील ‘हरकत’ म्हणजे कोणाचे तरी भलते वर्तन. दाव्यात ‘संशोधन’ झाले म्हणजे दुरुस्ती झाली, शोधकार्य नव्हे. वाक्य अस्खलित उतरते, शुद्धलेखन निर्दोष असते आणि अर्थ उलटा होतो. असा दोष दोन्ही भाषा कामकाजाच्या पातळीवर जाणणाऱ्यालाच दिसतो. बेळगावच्या कचेरीत कन्नड आणि मराठी, पणजीत कोकणी आणि मराठी, ग्वाल्हेरात हिंदी आणि मराठी अशा जोडभाषा जाणणाऱ्या माणसाला यापुढे काम मिळेल ते यंत्राचे काम तपासण्याचे. परंतु घरात बोलण्यापुरती मराठी येणाऱ्याला ते करता येणार नाही. त्यासाठी लिखित, शिस्तीची, शाळेत घोटलेली मराठी हवी. म्हणजे पुन्हा प्रश्न वर्गापाशीच येतो.

शिक्षक सीमाभागात, विद्यार्थी ग्वाल्हेरात

काही वर्षांपूर्वी आम्ही चारपाच पालकांनी मिळून रविवारचा एक वर्ग सुरू केला. मुले अकरा, काही लष्करची, काही मुरार, शिवपुरी आणि झाशीची. शिकवितात त्या बाई खानापूर तालुक्यात मराठी शाळेत आयुष्य घालवून निवृत्त झाल्या आहेत. सारा वर्ग फोनच्या पडद्यावर भरतो. यातले जे चालले आणि जे चालले नाही ते सांगतो, कारण इतरांना ते उपयोगी पडेल.

ठरलेली वेळ चालली. ‘सवडीने पाहा’ म्हणून पाठविलेली ध्वनिचित्रमुद्रणे मुलांनी पाहिली नाहीत. सकाळी दहा वाजता बाई हजेरी घेणार, आपले नाव पुकारले जाणार, हे कळल्यावर मुले येऊ लागली. हाताने लिहिलेली वही चालली. वही कॅमेऱ्यापुढे धरायची आणि बाईंनी ‘तुझा ळ अजून ल सारखाच बसतोय’ असे सांगायचे. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, त्यामुळे पुस्तकांची अडचण उरली नाही. मोठ्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या माध्यमिक परीक्षेत मराठी विषय घेता येतो, म्हणजे प्रमाणपत्राचाही मार्ग आहे.

एकदा एका मुलाने ‘माझी आजी’ या विषयावर दोन पाने निबंध आणला. भाषा इतकी घोटीव, की त्यात आजी कोठेच नव्हती. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी तो मोठ्याने वाचायला लावला आणि ‘वात्सल्यमूर्ती’ म्हणजे काय ते विचारले. मुलगा गप्प राहिला. ‘बरं, आजी सकाळी उठून काय करते ते मला सांग,’ असे म्हणून त्याने सांगितलेली पाच वाक्ये त्यांनी त्याच्याकडूनच लिहवून घेतली. ‘आजी उठल्याबरोबर नळ आला का बघते’ हे त्यांतले पहिले वाक्य. आम्हां ग्वाल्हेरकरांना त्या एका वाक्यात सारे घर दिसले. यंत्राने दिलेली दोन पाने बाईंनी फेकली नाहीत. त्यांतले कोणते शब्द आपल्याला हवेत ते मुलांनी निवडायचे, असा पुढच्या रविवारचा पाठ त्यांनी त्यातूनच केला.

अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा आठवड्यातून एकदा भरतात, आणि भारती विद्यापीठाच्या साह्याने त्यांनी अभ्यासक्रम व परीक्षा बांधून घेतली आहे. तेथेही टिकले ते याच गोष्टींमुळे : ठरलेला वार, शिकविणारे माणूस, आणि शेवटी परीक्षा. साधने सर्वांकडे सारखीच आहेत. फरक पडतो तो या तिहींमुळे.

मला विशेष वाटते ते बाईंचे गाव. सीमाभागाकडे आपण अन्याय सोसणारा प्रदेश म्हणून पाहतो, आणि ते खोटे नाही. पण महाराष्ट्राबाहेर मराठी माध्यमाचे प्रशिक्षित, अनुभवी शिक्षक मोठ्या संख्येने आहेत तेही सीमाभागातच. १९४६ च्या बेळगाव संमेलनातून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला बळ मिळाले. आज त्याच मातीतील निवृत्त गुरुजी आणि बाई ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे, हैदराबाद, तंजावर येथील मराठी मुलांचे शिक्षक होऊ शकतात. पूर्वी ग्वाल्हेरने आपली विद्या इचलकरंजी, मिरजेला दिली. आता परतफेडीची पाळी तिकडची, असे मी प्रेमाने म्हणतो.

कायद्याची बाजू

येथे एक धोक्याची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. ‘मराठी आता फोनवर शिकता येते, मग शाळा कशाला?’ हा युक्तिवाद उद्या कोणतेही राज्य शासन करू शकेल. विद्यार्थिसंख्येचे कारण पुढे करून शाळा एकत्र करण्याचे, बंद करण्याचे वारे सर्वत्र आहेतच. म्हणून आपली मागणी नेमक्या शब्दांत मांडली पाहिजे. जेथे एका वर्गात दहा मुले आहेत तेथे १९४९ चा संकेत जसाच्या तसा लागू राहावा. तेथे प्रत्यक्ष शिक्षक आणि प्रत्यक्ष शाळाच हवी. २०२०–२१ च्या टाळेबंदीत लहान मुलांचे पडद्यावरचे शिक्षण किती अपुरे पडते हे सर्वांनी पाहिले आहे. पडद्यावरचा वर्ग हवा तो जेथे आज काहीच नाही तेथे. दहा मुले दहा शाळांत असतील तर ती एका राज्यातील एक वर्ग म्हणून मोजावीत आणि त्या वर्गाला शासनाने एक शिक्षक द्यावा. ‘पुरेशी सोय’ या घटनेतील शब्दांचा आजच्या काळातील अर्थ हाच होतो, असे मला एक वकील म्हणून वाटते. ३५०क मधील भाषा राज्याने झटावे अशी आहे, हे मी विसरत नाही. पण पूर्वी ‘झटलो, पण शिक्षक मिळाला नाही’ हे उत्तर चालून जाई. आता शिक्षक पाचशे कोसांवरूनही मिळतो.

असाच विचार कचेरीतील कागदांचा. ज्या जिल्ह्यात वा तालुक्यात एखादी अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ टक्के किंवा अधिक आहेत, तेथे महत्त्वाचे नियम व सूचना त्या भाषेत प्रसिद्ध कराव्यात, असा भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या योजनेतील मान्य संकेत आहे. भाषांतरकार नाहीत, ही सबब आजवर पुढे येत असे. भाषांतराचा कच्चा खर्डा आता काही क्षणांत मिळतो. तो तपासायला एक जाणता मराठी माणूस पुरेसा आहे. तेव्हा मागणी करताना भाषांतराबरोबर तपासनीसाचे पद मागावे. तसे केले नाही, तर अर्थाचा अनर्थ करणारी यांत्रिक मराठी फलकांवर झळकेल आणि ‘तुमची मागणी पूर्ण झाली’ असे सांगून आपली बोळवण होईल.

बाकीचे काम आपले आहे, आणि ते कोणाच्या परवानगीचे नाही. आपल्या गावातील मराठी घरांची यादी करावी. त्यांतील सहा ते चौदा वयाची मुले वेगळी लिहावीत. दहा भरली नाहीत, तर शेजारच्या गावाची यादी जोडावी. एक वार, एक तास आणि एक शिक्षक ठरवावा. घरी फोनमध्ये मराठीचा कळफलक बसवावा आणि मुलांना मराठी देवनागरीतच लिहू द्यावे. माळ्यावर मोडी कागद असतील, तर ते वाचणारे माणूस हयात असेतो दोघांचीही गाठ घालून द्यावी आणि वाचलेला पाठ कागदाच्या छायाचित्राशेजारी लिहून ठेवावा. आमच्या रविवारच्या वर्गात सध्या तीन जागा आहेत. अकरा मुलांनी सुरू झालेला वर्ग बाईंना चौदापर्यंत चालवायचा आहे. चौदाच्या वर गेला, तर त्यांची एक मैत्रीण दुसरा वर्ग घ्यायला तयार आहे. तीही खानापूरचीच.